शिवणीतली माया

पैठणी २००९ सालची. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात पडली, तेव्हा केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बहुतेकींनी जे केलं तेच मीही केलं. मोठा वाटा घराच्या हप्त्यांनी गिळला आणि उरलेल्यातून येवल्याला जाऊन हिरवी पैठणी आणली. नारळी काठ, पदरावर मोर. त्यावरचा ब्लाउज आमच्या मास्तरांनी शिवला, मागे हुकांचा, कारण तेव्हा तशी टूम होती. भाचीचं लग्न आठ दिवसांवर आलं तसा तो कपाटातून काढला, अंगात चढवला आणि ह्यांना हाक मारली.

ह्यांचं सगळं आयुष्य लेखापरीक्षणात गेलेलं. त्यांनी माझ्या पाठीमागे उभं राहून आधी पाहणी केली.

"वरचा एक लागला. खालचा एक लागला. मधले चार लागतील असं वाटत नाही."

"ओढा की जरा."

"ओढून काही व्हायचं नाही. दोन इंचांची तफावत आहे."

"थांबा, मी श्वास सोडते."

"सोड."

"सोडला."

"दीड इंच."

साडीचं एक बरं असतं. सहावार म्हणजे साडेपाच मीटर कापड. नेसणारीच्या आकाराबद्दल त्याला काही मत नसतं. एक निरी कमी किंवा एक निरी जास्त, संपला विषय. १९९८ साली साखरपुड्यात नेसलेली साडी मी अजून नेसते आणि लोक म्हणतात, "अगदी तश्शीच आहेस गं!" ते बघत असतात साडीकडे. ब्लाउजला मात्र सगळं माहीत असतं, आणि वेळ आली की तो साक्ष फिरवत नाही.

मास्तरांचं दुकान नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या जिन्याखाली आहे. त्या जागेत मास्तर, त्यांचं मशीन आणि एक टेबलफॅन एवढंच मावतं. गिऱ्हाइकानं पायरीवर बसायचं. मास्तर सत्तरीचे. त्यांच्या पंचांगात सोमवार, मंगळवार नसतात. 'परवा' हा एकच वार असतो. त्यांनी ब्लाउज उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला, शिवण उजेडाकडे धरली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"माया संपली, ताई."

बावन्न वर्षांच्या बाईला भर दुपारी, पायरीवर बसवून, हे ऐकवावं का?

ज्यांनी कधी कपडे शिवून घेतलेच नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शिंप्याच्या भाषेत माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. बाहेरून ते दिसत नाही, अंगाला टोचत नाही. गरज पडली की आतली टीप उसवायची आणि बाजूला पाव-अर्धा इंच मोकळा करायचा. कापडाच्या या पट्टीला पहिल्यांदा माया म्हणणारा शिंपी बायकामाणसांत वाढलेला असणार याबद्दल मला शंका नाही. माझ्या ब्लाउजला दोन्ही अंगांना दोन-दोन टिपांची माया होती. पहिली टीप मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा उसवली. दुसरी २०२०च्या टाळेबंदीनंतर, म्हणजे ज्या दिवसांत पुण्यात घरोघरी कुकरमध्ये केक होत होते त्यानंतर. आता आत नुसत्या कापडाच्या कडा उरल्या होत्या.

"काखेखाली तुकडा जोडून देऊ?" मास्तर म्हणाले.

"दिसेल का?"

"हात खाली ठेवलात तर नाही दिसणार."

लग्नात अक्षता टाकायच्या म्हणजे हात वर करावा लागतो. जवळच्या भाचीचं लग्न, मंगलाष्टकं सहा-सात. मास्तरांनीच मग मार्ग काढला. "नवीनच शिवा. कापड आणा. आणि हो, ऐंशी सेंटिमीटरचा पीस आणू नका, मीटरभर आणा."

घरी येताना मला आजी आठवली. आजी खणाची चोळी घालायची आणि पुढे गाठ मारायची. त्या गाठीला माप नव्हतं. सात बाळंतपणं झाली, मधे एकदा टायफॉइडनं ती काडीसारखी वाळली, मग सुनांच्या हातचं खाऊन पुन्हा भरली. गाठ कधी जरा घट्ट, कधी जरा सैल, पण बसली नाही असं कधी झालं नाही. नऊवारीचंही तसंच, सगळं हाताच्या अंदाजानं. 'मला माझे कपडे होत नाहीत' हे वाक्य आजीनं उभ्या आयुष्यात उच्चारलं नसेल. आईच्या पिढीत झंपर आला, त्याला हुक आले आणि हुकांबरोबर निकाल लागायला लागले. गाठीला मधली परिस्थिती चालते. हुक एक तर लागतो, नाही तर नापास.

परकराची नाडी तेवढी शाबूत राहिली. नाडी घरातल्या जुन्या मोलकरणीसारखी असते. बोलायचं ते तोंडावर बोलते, पण काम सोडून जात नाही. काल जिथे गाठ बसली होती तिथे आज बसत नाही, हे तीच आपल्याला पहिल्यांदा सांगते. तीही आम्ही पुढे काढून टाकली आणि इलॅस्टिक आणलं. त्याच्याही पुढे जाऊन लेगिंग आणि ताणली जाणारी जीन्स आणली. गेली दहा वर्षं मी त्या जीन्समध्ये सुखात होते. आता कळतंय की ती जीन्स माझ्याशी खोटं बोलत होती.

त्या खोटेपणाचा उगमही सापडतो. १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं एक धागा तयार केला. लायक्रा या नावानं तो जगभर गेला. स्वतःच्या लांबीच्या कित्येक पट ताणला जातो, सोडला की जागेवर येतो आणि एका शब्दानं तक्रार करत नाही. गंमत अशी की त्याच वर्षी, त्याच देशात, सरकारनं बायकांच्या कपड्यांच्या मापांचं अधिकृत कोष्टक छापलं. त्यासाठी १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार बायका मोजून ठेवल्या होत्या, प्रत्येकीची ५९ मापं. आमचे मास्तर आठ मापांत ब्लाउज शिवतात. ५९ मापं घेईपर्यंत मोजायला सुरुवात केलेली बाई आणि मोजून झालेली बाई एकच राहत असेल का, हाही प्रश्नच आहे. तर एका दारानं शिस्तीचं कोष्टक आत आलं आणि दुसऱ्या दारानं लायक्रा. कोण जिंकलं हे सांगायला नको. १९८३ साली ते कोष्टक सरकारनं मागे घेतलं. लायक्रा अजून माझ्या कपाटात आहे.

कोष्टकच नाही म्हटल्यावर ज्यानं त्यानं आपापले आकडे ठरवले. मॉलमध्ये गेल्यावर मी एका दुकानात 'एम' असते, समोरच्या दुकानात 'एक्सएल' आणि सरकत्या जिन्यानं वर गेले की 'डबल एक्सएल'. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून मोठ्या कपड्यावर लहान आकडा लावण्याची युक्ती या धंद्यात जुनी आहे. मला ती कळते आणि तरी मी 'एम'च्या दुकानात जास्त खरेदी करते. आपल्याकडे निफ्ट या संस्थेनं भारतीय मापांचं कोष्टक करायला घेतलं. सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांवर माणसांची शरीरं त्रिमितीय स्कॅनरनं मोजायची, अशी ती योजना. शहरांच्या यादीत मुंबई होती, शिलाँगसुद्धा होतं, पुणं नव्हतं. ते ठीकच झालं. आमची मापं बाकीच्यांना लावून चालत नाहीत.

तयार कपड्यांबद्दल माझी खरी तक्रार आकड्यांची नाहीच. परवा एक महागडा कुर्ता उलटा करून बघितला. शिवणीत जेमतेम एक सेंटिमीटर कापड आणि कडेला ओव्हरलॉक. कारखान्यात हजारो नग एकदम कापतात, तिथे प्रत्येक नगामागे बोटभर कापड वाचलं तर पैसे वाचतात. म्हणजे आत्ता आहात तशा राहिलात तर कुर्ता तुमचा, नाही तर कामवाल्या ताईंचा. या वयात नेमकं तेच जमत नसतं. पन्नाशीच्या आसपास बाईचं इस्ट्रोजेन उतरणीला लागतं आणि आधी मांड्या-नितंबांवर बसणारी चरबी पोटाकडे स्थलांतर करते. वजनाचा काटा हलला नाही तरी कंबर हलते. माझी मैत्रीण याला 'अंतर्गत बदली' म्हणते. पद तेच, पगार तोच, टेबल मात्र बदललं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडवर कापड घ्यायला गेले. पोरसवदा विक्रेत्यानं पैठणीचा काठ बघितला, मग मला बघितलं आणि विचारलं, "काकू, सोबर दाखवू?"

मराठीत 'सोबर' हा एक रंग आहे. इंद्रधनुष्यात तो नाही, पण चाळिशीनंतर बाईला तोच दिसावा अशी सर्वांची इच्छा असते. त्यात बिस्कीट, राख, उंदीर, मातकट आणि 'थोडा डल असा' हे उपरंग येतात. ज्या भाषेत मोरपिशी, चिंतामणी, आमसुली, डाळिंबी, अबोली, श्रीखंडी असे नुसते उच्चारले तरी तोंडाला पाणी सुटावं असे रंग आहेत, त्या भाषेतल्या बायका वयाची पंचेचाळिशी ओलांडताच बिस्किटावर येतात. मीही आले होते. कपाट उघडलं की आत पारले-जीचा कारखाना.

यामागे 'वयाला शोभेल असं' नावाचा एक कायदा आहे. तो कुठे छापलेला नाही, पण मोडलात तर खालच्या मजल्यावरच्या काकू लगेच नोटीस बजावतात. त्याची कलमं वयाप्रमाणे बदलतात. कॉलेजात असताना आई म्हणायची, "बिनबाह्यांचं आत्ता नको, लग्न झाल्यावर काय ते घाल." लग्न झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता लग्न झालंय ना?" पुढे, "आता मुलगी मोठी होतेय." मी एकदा हिशेब मांडून बघितला. मला बिनबाह्यांच्या कपड्याची कायदेशीर परवानगी होती तो काळ म्हणजे १९९८च्या डिसेंबरातले सहा दिवस, आम्ही महाबळेश्वरला होतो तेवढेच. आणि तेव्हा मी सहाही दिवस स्वेटरमध्ये होते.

गाऊनला मात्र हा कायदा लागू नाही. फुलाफुलांचा, गळ्याशी लेस असलेला, रात्री झोपताना घालायचा गाऊन. त्यावर ओढणी घेतली की तो बाहेर जायचा पोशाख होतो. त्यावर बाई दूध आणते, कोथिंबिरीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालते, प्रसंगी एटीएममधून पैसेही काढून आणते. ओढणी नेमकं काय झाकते आणि कोणापासून, हे विचारायचं नाही. त्याच बाईनं संध्याकाळी गुडघ्यापर्यंतचा चांगला शिवलेला फ्रॉक घातला तर मात्र सोसायटीची सभा भरते.

"सोबर नको," मी त्या पोराला म्हणाले. "राणी दाखव."

त्यानं चार तागे काढले. एक उचलून मी दुकानाच्या दारात उन्हात नेला. रंगाची परीक्षा दारात करायची, ट्यूबलाइटच्या उजेडात नाही, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान आहे. हिरव्या काठाशेजारी ते राणी रेशीम धरलं आणि शेजारी साडी बघणाऱ्या एक अनोळखी बाई न विचारता म्हणाल्या, "घ्याच." पुण्यात अनोळखी माणसानं दुसऱ्याच्या निवडीला न मागता होकार देणं ही लहानसहान गोष्ट नव्हे. मी मीटरभर फाडायला सांगितलं.

घरी आले तर मुलगी ह्यांचा जुना चौकड्यांचा शर्ट घालून बाहेर निघाली होती. शर्ट गुडघ्यापर्यंत, बाह्या कोपराखाली. याला 'ओव्हरसाइज्ड' म्हणतात आणि नवा घेतला तर हा गबाळेपणा अडीच हजारांना पडतो. तिची कंबर सव्वीस, तिला हवा 'एक्सएल'. माझी कंबर सांगत नाही, आणि मी 'एम'च्या शोधात तीन मजले चढते. मायलेकींनी एकमेकींचं लेबल बदलून घेतलं तर दोघींचाही प्रश्न मिटेल.

ह्यांचं आणखी वेगळंच. "माझं माप बघ, पंचवीस वर्षं चौतीस." हे खरं आहे. फक्त पूर्वी ही चौतीस बेंबीवर होती, मग बेंबीखाली आली आणि आता जिथे आहे तिथल्या भूगोलाची चर्चा चारचौघांत नको. पोट पट्ट्याच्या वरून पुढे येतं आणि पट्टा खाली सावलीत राहतो. पुरुषांना माया लागत नाही. त्यांची विजार सरकून जागा करून देते.

राहता राहिली पादत्राणं. वर्षभर माझी उजवी टाच दुखते. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की ब्रह्मांड आठवतं. डॉक्टरांनी चपट्या चपलांवर बंदी घातली, टाचांच्या सँडल तर नावच काढू नका म्हणाले आणि मऊ तळव्याचे बूट लिहून दिले. साडीवर बूट! पहिल्या दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये मी निऱ्या पुढे ओढून उभी राहिले. तिसऱ्या दिवशी मुलीनं फोनवर उषा उथुप यांचा फोटो दाखवला. कांजीवरम साडी, कपाळभर कुंकू, केसांत फुलं आणि पायांत त्याच थाटाच्या साडीच्या कापडानं मढवलेले बूट. आमच्या मुंबईत वाढलेली ही बाई, जन्म १९४७चा, साडी नेसून नाइटक्लबात गायला उभी राहिली तेव्हा लोकांना काय वाटलं असेल, त्यापुढे माझी लिफ्ट ती काय. मग मुलीनं न्यूयॉर्कच्या आयरिस ॲपफेल आजी दाखवल्या. बशीएवढा गोल चष्मा आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या. वयाची ऐंशी ओलांडल्यावर, २००५ साली, तिथल्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं त्यांच्या कपड्या-दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं. सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांनी मॉडेलिंगचा करार केला आणि २०२४ मध्ये एकशेदोनाव्या वर्षी गेल्या. मला त्यांचं कौतुक आहेच, पण एक शंकाही आहे. तो मोठा गोल चष्मा हौसेनं आला की लहान काचेतून दिसेनासं झालं म्हणून? माझ्यापुरतं सांगायचं तर या वयातली निम्मी स्टाइल अस्थिरोगतज्ज्ञ ठरवतात आणि उरलेली चष्मेवाला. ऑफिसातल्या दोघींनी मागच्या आठवड्यात माझ्यासारखे बूट घेतले. टाच त्यांचीही दुखतेय; मला 'काय स्मार्ट दिसतात गं' एवढंच म्हणाल्या.

राणी रेशीम घेऊन पुन्हा मास्तरांकडे गेले. पायरीवर आधीच दोघी बसलेल्या, एक पिकोसाठी, एक फॉलसाठी. मास्तरांनी कापडी बांधणीची लांब वही काढली आणि माझं पान उघडलं. सगळ्यात वर १९९८ची ओळ, निळ्या शाईत. छाती बत्तीस. ती खोडून खाली चौतीस. मग २००९ची छत्तीस, पैठणीची. खाली अडतीस, बॉलपेननं. ब्लाउजची उंची मात्र सगळ्या ओळींत साडेतेरा. पान वाचताना मला तो फोटोंचा अल्बमच वाटला, फक्त यात कोणी पोट आत घेऊन उभं नव्हतं.

मास्तरांची सवय अशी की टेप धरून आकडा मोठ्यानं म्हणायचा, मग वहीत लिहायचा. चोविसाव्या वर्षी मला त्याचं काही वाटलं नव्हतं. छत्तिशीपासून मी त्यांना "जरा हळू, मास्तर" म्हणायला लागले आणि तेव्हापासून ते माझं माप कुजबुजत घेतात, डॉक्टरनं नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं तसं. आजही त्यांनी टेप गुंडाळला, वाकले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

ते पुन्हा पुटपुटले.

"मास्तर, मोठ्यानं सांगा. तुम्ही अडतीस लिहाल आणि मी पुन्हा चार हुक उघडे ठेवून बसेन."

"चाळीस!" मास्तर म्हणाले. फॉलवाली वळून बघायला लागली. पिकोवाली म्हणाली, "माझे बेचाळीस," आणि सरकून मला पायरीवर जागा करून दिली.

"बाही?" मास्तरांनी विचारलं.

"नको."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना असं काही सांगितलं नव्हतं. "बिनबाह्यांचा? पैठणीवर?"

"हो. आणि आत माया?"

"दोन्हीकडे तीन टिपा सोडतो." त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, चाळीसची ओळ नीट लिहिली, खाली रेघ मारली. मग पानाच्या उरलेल्या जागेकडे बघितलं आणि शेजारच्या गिऱ्हाइकाचं नाव रबरानं खोडून दोन बोटं खाली सरकवलं.

"ते कशाला?"

"असू द्या, ताई," मास्तर म्हणाले. "परवा या."